जिल्ह्यात येणारा पैसा गावात किती थांबतो? : गडचिरोली जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, गडचिरोली.

विषय : वार्षिक आराखड्यामागचा विकासविचार आणि त्यात ग्रामसभांचे स्थान.

सविनय नमस्कार.

आपल्या समितीसमोर दरवर्षी जो आराखडा येतो, त्यात रस्ते, पूल, शाळाखोल्या, दवाखाने, सौरपंप यांच्या रकमा असतात आणि त्या रकमांवर बैठकीत कसून चर्चाही होते. मात्र या रकमा कोणत्या समजुतीवर मांडल्या आहेत, म्हणजे एखाद्या मुलखाची आर्थिक उन्नती नेमकी कशाने होते असे आपण धरून चाललो आहोत, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मी आयुष्यभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर धानोरा, कोरची, एटापल्ली या तालुक्यांतील ग्रामसभांचे हिशेब लिहायला मदत करतो. या दोन्ही कामांतून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे आणि ती आपल्यासमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपला आराखडा स्थानिक विकासाच्या एकाच सिद्धांतावर उभा आहे, आणि याच जिल्ह्यातल्या गावांनी जो दुसरा सिद्धांत स्वतःच्या कृतीतून उभा केला, त्याला आराखड्यात लेखाशीर्षदेखील, म्हणजे खर्च दाखवण्याचा रकानादेखील, नाही.

पहिला सिद्धांत आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. फ्रान्स्वा पेरू या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने १९५५ मध्ये असे मांडले की वाढ सगळीकडे एकाच वेळी होत नसते. ती काही मोठ्या, गतिमान उद्योगांभोवती प्रकट होते आणि तेथून कमीअधिक वेगाने इतरत्र पसरते. यालाच विकासध्रुव म्हणतात. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडची लोहखनिजाची खाण, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला उभा राहिलेला प्रकल्प, ‘पोलादाचा जिल्हा’ ही घोषणा आणि वडसा-गडचिरोली रेल्वेमार्ग या सर्वांमागे हीच कल्पना आहे. ती टाकाऊ आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे देसाईगंज (वडसा) हे एकच रेल्वे स्थानक होते, तेथे लोहमार्ग यावा आणि कच्चे खनिज ट्रकांत भरून बाहेर पाठवण्याऐवजी त्याचे पोलाद इथेच व्हावे, हे चांगलेच आहे. अल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ मध्ये उद्योगाच्या पुढच्या आणि मागच्या जोडण्यांचा, म्हणजे त्याचा माल वापरणाऱ्या आणि त्याला माल पुरवणाऱ्या उद्योगांचा, जो विचार मांडला, त्याच्याशीही ते सुसंगत आहे.

परंतु पेरू यांच्या मांडणीतील एक बारकावा नियोजनकारांच्या हातून निसटला, आणि आपल्याकडे तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ते ज्या ‘अवकाशा’बद्दल लिहीत होते तो नकाशावरचा भूभाग नव्हता; तो उद्योगाउद्योगांतील देवाणघेवाणीचा अवकाश होता. कारखाना कोनसरीला असला तरी त्याची यंत्रे कुठून येतात, ट्रकांचे टायर कोण पुरवतो, अभियंते आणि चालक कुठले, नफा कोणत्या शहरात जमा होतो, यावर त्या ध्रुवाचा खरा पसारा ठरतो. तो पसारा नागपूर, रायपूर, मुंबईपर्यंत पोचेल आणि प्रकल्पापासून दहा किलोमीटरवरच्या गावाला वगळून जाईल, असे होऊ शकते. नंतरच्या काळात अनेक देशांच्या नियोजनकारांनी हा अमूर्त ध्रुव नकाशावर एक ठिपका म्हणून काढला, आणि ठिपक्याभोवतीचे वर्तुळ आपोआप समृद्ध होईल असे गृहीत धरले. गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्येच इशारा दिला होता की वाढीच्या केंद्रातून बाहेर पसरणारे परिणाम असतात, तसेच भोवतालच्या प्रदेशातील माणसे, भांडवल आणि उमेद केंद्राकडे ओढून घेणारे परिणामही असतात, आणि बाजाराला मोकळे सोडले तर दुसरे परिणाम पहिल्यांवर मात करतात.

या जिल्ह्याच्या नियोजनाला आणखी एक सवय लागली आहे, ती अनुशेषाच्या भाषेची. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्याच्या सरासरीच्या तुलनेत कोणत्या जिल्ह्यात किती रस्ते, किती सिंचन, किती वीज कमी आहे याची मोजदाद केली, आणि त्या मोजदादीमुळे विदर्भाच्या मागण्यांना आकड्यांचे बळ मिळाले. त्या समितीचे ऋण मी मानतो. पण अनुशेषाच्या तक्त्यात जे नाही तेवढेच दिसते. जे आहे ते त्यात कुठेच येत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला, १४ हजार चौरस किलोमीटरहून मोठा आणि २०११ च्या जनगणनेनुसार १० लाख ७२ हजार लोकवस्तीचा हा जिल्हा त्या तक्त्यात केवळ उणिवांची बेरीज म्हणून उभा राहतो. त्याचे जंगल, त्याचे तलाव आणि एकत्र बसून निर्णय घेण्याची त्याच्या गावांची रीत यांना त्या तक्त्यात रकाना नाही.

आता पैशाच्या प्रवासाकडे येतो, कारण माझे सगळे म्हणणे तेथे येऊन थांबते. १९५५ मध्ये डग्लस नॉर्थ यांनी असे मांडले की एखादा प्रदेश बाहेर काय विकतो यावर त्याची वाढ ठरते. चार्ल्स टीबू यांनी पुढच्याच वर्षी त्यांना उत्तर दिले, की बाहेर विकणे हा वाढीचा एकमेव आधार नव्हे. प्रदेश जितका मोठा आणि त्याच्या आतले व्यवहार जितके दाट, तितके त्या आतल्या व्यवहारांचे महत्त्व वाढते. या वादातून एक साधा हिशेब हाती येतो. समजा गावात बाहेरून १०० रुपये आले. त्यांतले २० रुपयेच गावात पुन्हा खर्च झाले, त्या २० मधले पुन्हा ४ झाले, आणि असेच पुढे चालले, तर शेवटी गावात एकूण १२५ रुपयांचे उत्पन्न उभे राहते. तेच १०० रुपये आल्यावर दर फेरीला ६० टक्के गावात फिरले, तर एकूण उत्पन्न २५० रुपये होते. आत आलेली रक्कम दोन्ही वेळा सारखीच आहे. फरक पडतो तो गळतीमुळे. हे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. खरे आकडे काय आहेत, हे आपल्या जिल्ह्यात मोजले जावे अशी माझी विनंती आहे. कारण आत किती कोटी आले हे आपण दर वर्षी सांगतो, आणि त्यातले किती पहिल्याच आठवड्यात बाहेर गेले याची नोंद आराखड्यात कुठेच नसते.

ही गळती कशी दिसते ते मोहफुलांच्या हंगामात कुणालाही पाहता येते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून बाया आणि मुले झाडाखाली फुले वेचतात, अंगणात वाळवतात, आणि घरात मीठमिरचीला पैसा हवा म्हणून आठवडी बाजारात पडेल त्या भावाला विकतात. पावसाळ्यात त्याच घरांतल्या काहींना तीच फुले चढ्या भावाने परत घ्यावी लागतात. मधल्या तीन-चार महिन्यांत त्या फुलांचे काहीही झालेले नसते. ती कुणाच्या तरी कोरड्या गोदामात पडून असतात. म्हणजे त्या सगळ्या नफ्याचा मालक ज्याच्याकडे गोदाम आणि चार महिने थांबण्याची ऐपत आहे, तो असतो. माझ्या माहितीतील एका ग्रामसभेने असे गोदाम मागितले होते. गावाने जागा दिली, ठराव केला, श्रमदानाची तयारी दाखवली. मागणीचे पत्र सात महिन्यांनी परत आले, आणि त्यावर शेरा होता की ग्रामसभेच्या मालकीच्या गोदामासाठी लेखाशीर्ष उपलब्ध नाही. त्या कार्यालयातील माणसे वाईट नव्हती. ज्या आराखड्याचे ते पालन करत होते, त्यात ग्रामसभा हा आर्थिक घटक असू शकतो ही कल्पनाच नव्हती.

आणि तरीही या देशात ग्रामसभा हा आर्थिक घटक आहे हे सर्वांत आधी दाखवून दिले ते याच जिल्ह्याने. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) या सुमारे शंभर घरांच्या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हटले, तेव्हा बाहेरच्यांना ती घोषणा वाटली. गावाने ती कार्यपद्धती म्हणून राबवली. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, ग्रामसभेत सर्वसहमती होईपर्यंत बोलायचे, आणि निर्णय झाला की तो सर्वांनी पाळायचा. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव त्यासाठी तयार होते. २००९ मध्ये मेंढ्याला आणि शेजारच्या मर्दा गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखण्याचे आणि त्यातील उपज वापरण्या-विकण्याचे गावाचे एकत्रित हक्क, मिळाले, मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. पण कायद्यात बांबू हे स्पष्टपणे गौण वनोपज, म्हणजे गावाला विकता येणारे वनउत्पादन, असूनही वाहतुकीचा परवाना द्यायचा कुणी, यावर पुढची दोन वर्षे गेली. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले, आणि बांबूचा पैसा पहिल्यांदाच थेट गावाच्या खात्यात जमा होऊ लागला. त्याआधी कित्येक दशके याच भागातील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांवर कागद गिरणीकडे जात होता आणि गावाच्या वाट्याला तोडणीची मजुरी येत होती. वनहक्क नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि परवाना देण्याचा ग्रामसभेचा अधिकार नियमांतच आला.

जंगल तेच, बांबू तोच, तोडणारे हातही तेच. बदलली ती मालकी, आणि मालकी बदलल्यामुळे विक्रीचा पैसा पहिल्या फेरीत कुणाच्या हाती पडतो हे बदलले. स्थानिक विकासाच्या सिद्धांतात याहून मोलाचा धडा मला दुसरा माहीत नाही, आणि तो मी कोणत्याही परदेशी विद्यापीठातून शिकलेलो नाही.

सामाईक साधनसंपत्ती लोकांच्या हाती दिली की तिची नासाडी होते, हा आक्षेप आपल्या अधिकाऱ्यांकडून मी अनेकदा ऐकला आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच आक्षेपाच्या तपासणीसाठी. जगभरातील कुरणे, कालवे, जंगले, मासेमारीची पाणथळे अभ्यासून त्यांनी दाखवले की जिथे हद्द स्पष्ट असते, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, देखरेख गावाची असते, चुकणाऱ्याला आधी थोडी आणि मग चढती शिक्षा असते आणि वरची सत्ता या व्यवस्थेला मान्यता देते, तिथे सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव हे याचे जवळचे उदाहरण आहे. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाल्यावर त्या ग्रामसभेने बांबूचा व्यवसाय उभा केला आणि तेंदूपत्ता मात्र तोडायचा नाही असे ठरवले, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलाला आगी लावल्या जातात आणि पानाची शेवटी विडीच होते. हातात येणारे उत्पन्न एका गावाने विचारपूर्वक नाकारले. तात्कालिक लाभासाठी जंगल ओरबाडणाऱ्या गावाचे हे वर्तन नव्हे.

तलावांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्याच झाडीपट्टीतील आहे. पूर्व विदर्भातील मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बांधले ते स्थानिकांनी आणि राखलेही त्यांनीच. मालगुजारी, म्हणजे गावचा महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले आणि पाळीने पाणी सोडण्याची, गाळ काढण्याची जुनी रीत हळूहळू विरत गेली. आज त्यांच्या दुरुस्तीसाठी आराखड्यात तरतूद असते, पण तलाव ज्या व्यवस्थेमुळे चालत होता त्या व्यवस्थेसाठी काहीच नसते, म्हणून दुरुस्त केलेला तलाव काही वर्षांत पुन्हा गाळाने भरतो.

ग्रामसभांच्या उणिवा मी झाकणार नाही. त्यांचे हिशेब मीच लिहितो. तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यातला, पंधरा दिवसांचा. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी या मापाने फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, मोजणी होते. ग्रामसभा आता स्वतः ठेकेदाराशी करार करतात, मजुरीबरोबर मालकी हक्काची रक्कमही मिळते, आणि ज्या वर्षी भाव चढतो त्या वर्षी घराघरांत नवे पत्रे, सायकली आणि मुलींच्या शिक्षणाची फी दिसते. पण पुढच्याच वर्षी भाव कोसळू शकतो. करारात बयाणा कमी घेतला गेला तर पान उचलून नेलेल्या ठेकेदाराकडे पैसे अडकतात, आणि असे अनेक ठिकाणी झाले आहे. काही ग्रामसभांचे लेखापरीक्षण वर्षानुवर्षे झालेले नाही. काही ठिकाणी दोन-तीन घरांच्या हाती सगळा व्यवहार गेला आहे आणि बाया सभेला येतात पण त्यांना बोलू दिले जात नाही. हे दोष खरे आहेत. मात्र यातील बहुतेक दोष करार, भांडवल, साठवण आणि हिशेब यांतले आहेत, आणि या चारही गोष्टी शिकवता येतात, पुरवता येतात. कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली ती याच गरजेतून. एकट्या गावाला ठेकेदारापुढे जे जमत नाही, ते तालुक्याचा संघ करू शकतो. ऑस्ट्रॉम यांनी ज्याला एकात एक बसवलेल्या संस्था म्हटले, ती रचना इथे कुणी न सांगता आकाराला आली.

या टप्प्यावर मला महाराष्ट्राचाच एक जुना अनुभव आठवतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना काढला तेव्हा ऊस होता, शेतकरी होते, पण प्रक्रिया आणि तिचा नफा दुसऱ्यांच्या हातात होता. गाडगीळ हे पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक, देशातील आघाडीचे अर्थतज्ज्ञ, आणि ते त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. पिकवणाराच प्रक्रियेचा मालक असला पाहिजे, या विचाराला त्यांनी संस्थेचे रूप दिले, आणि सरकारने भागभांडवल देऊन त्या विचारामागे उभे राहण्याचे धोरण पुढे स्वीकारले. त्यानंतर सहकाराचे काही ठिकाणी काय झाले हे आपण सर्व जाणतो, आणि त्यातूनही शिकण्यासारखे आहे. पण पश्चिम महाराष्ट्राच्या उभारीत शासनाने ज्या प्रकारे लोकांच्या मालकीच्या प्रक्रियेत भांडवल घातले, तसे वनोपजाच्या बाबतीत गडचिरोलीत झाले नाही. आपला बांबू अजून मुख्यतः बांबू म्हणूनच बाहेर जातो, तेंदू पान म्हणूनच जातो, चारोळी फोडण्याचे यंत्र गावात क्वचित दिसते. मूल्य वाढते ते जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर.

राज्यघटनेने या समितीला दिलेले काम मला येथे नोंदवावेसे वाटते. कलम २४३-छ पंचायतींनी आर्थिक विकास आणि सामाजिक न्यायासाठी योजना आखाव्यात असे सांगते, आणि कलम २४३-यघ या समितीने त्या योजनांचे एकत्रीकरण करावे असे सांगते; समितीचे किमान चार पंचमांश सदस्य पंचायती आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत, अशीही त्यात तरतूद आहे. २०२२ नंतर राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांवर दीर्घकाळ प्रशासक होते. या काळात खालून वर येण्याची ही वाट जवळजवळ बंद झाली, आणि वरून खाली येणारा आराखडा हीच रीत बनली. २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात गावे आराखडे करतात, पण पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील निधीची ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेली होती आणि उरलेली गटारे, पेव्हर ब्लॉक यांत संपत होती, त्यामुळे उत्पन्नाचा विचार त्या आराखड्यांत क्वचितच उतरला.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत त्यांचे वनव्यवस्थापन आराखडे हे जिल्हा आराखड्याचा भाग म्हणून स्वीकारावेत. वनहक्क नियमांतील नियम १६ हक्कधारकांपर्यंत सर्व शासकीय योजना पोचवण्याची जबाबदारी शासनावर टाकतो, त्यामुळे यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. ग्रामसभांच्या तालुका संघांसाठी फिरत्या भांडवलाचा निधी करावा, जेणेकरून मोहफूल आणि हिरडा हंगामात विकण्याची सक्ती उरणार नाही आणि ठेकेदाराने बयाणा दिला नाही तरी मजुरी थांबणार नाही. गोदामासाठी आणि लहान प्रक्रियायंत्रांसाठी लेखाशीर्ष उघडावे, आणि त्याचबरोबर लेखापरीक्षणाची अटही घालावी. ग्रामसभा ती पाळतील, मी स्वतः त्यांना मदत करीन. खनिज निधीबाबतही एक विनंती आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा खाणीमुळे बाधित झालेल्यांसाठी आहे, आणि सुरजागडच्या उत्पादनाबरोबर तो वाढत जाणार आहे. खाण एके दिवशी संपते. तिच्या पैशातून इमारतीच उभ्या राहिल्या, तर खाणीनंतर एटापल्लीकडे इमारती उरतील. त्यातला ठरावीक हिस्सा ग्रामसभांच्या ठरावानुसार जंगल आणि वनोपजाच्या उद्योगात गेला, तर खाणीनंतरही उत्पन्न उरेल. विकासध्रुव आणि ग्रामसभा यांच्यात निवड करा असे मी म्हणत नाही. ध्रुवाच्या पैशाने ग्रामसभेची अर्थव्यवस्था भक्कम करा, एवढेच माझे मागणे आहे.

आणि हे सर्व करण्याआधी मोजणी करावी. जिल्हा सांख्यिकी कार्यालय आणि गोंडवाना विद्यापीठातील अर्थशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून प्रत्येक तालुक्यातील दोन गावे निवडून एक वर्षभर पैशाच्या येण्याजाण्याची नोंद ठेवता येईल : मजुरी, तेंदू, बांबू, धान, शासकीय अनुदाने यांतून काय आले आणि किराणा, व्याज, खत, मोबाइल, दवाखाना, दारू यांवर ते कुठे गेले. बारा तालुक्यांची चोवीस गावे होतात. नोंदवह्यांचा नमुना मी तयार केला आहे, धानोरा तालुक्यातील दोन गावांत तो वापरूनही पाहिला आहे, आणि समितीने सांगितले तर पुढच्या बैठकीत तो घेऊन उपस्थित राहीन. या कामासाठी मला मानधन नको. तेंदूचा हंगाम मेमध्ये सुरू होतो, त्यामुळे नोंदी एप्रिलपासून सुरू झाल्या तर वर्षाचा सर्वांत मोठा व्यवहार त्यात पूर्ण येईल. हा निर्णय मार्चच्या आत व्हावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
गडचिरोली येथील एक निवृत्त अर्थशास्त्र-शिक्षक